कुठेही बसणारा शब्द

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव नुसतं ‘सेट’ एवढंच छापलं गेलं. त्यामुळे मागच्या रांगेत वह्या उघडून बसलेले काही तरुण चेहरे मला दिसताहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी जी सेट परीक्षा घेतं, तिच्याबद्दल मी आज काहीही सांगणार नाही. ती नुसती तीन आद्याक्षरं. मी बोलणार आहे ते इंग्रजीतल्या एका हडकुळ्या, एका श्वासात संपणाऱ्या शब्दाबद्दल. कोणाला उठून जायचं असेल तर मला वाईट वाटणार नाही.

पण हा घोटाळा माझ्या पथ्यावरच पडला आहे. ‘नेट-सेट होऊन इतकी वर्षं झाली, तरी मुलगा अजून सेट झाला नाही,’ हे वाक्य आपल्याकडे किती घरांतून ऐकू येतं! त्यातला पहिला सेट परीक्षेचा आणि दुसरा ‘सेटल’चं शेपूट तोडून केलेला. ऐकणारा कुठेही अडखळत नाही. त्याच घरात मोत्यांचा सेट असतो, कपबशांचा सेट असतो, कोणी आरशासमोर केस सेट करत असतं, फ्रिजमध्ये जेली सेट होत असते, आणि व्यायामशाळेतून आलेला धाकटा ‘तीन सेट मारले’ म्हणून सांगत असतो. त्यावर आपण मराठी माणसांनी स्वतःची भर घातली ती ‘सेटिंग’ची. मोबाइलची सेटिंग निराळी, टेंडरची निराळी, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर ‘त्या दोघांची सेटिंग आहे’ म्हणतात ती तर आणखीच निराळी.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, ते सर इंग्रजी शिकवायचे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, ही आमची पद्धत. सरांना ती रेघ अजिबात खपत नसे. शब्द लिहायचा तर आख्खं वाक्य लिहा, म्हणायचे. ‘सेट’सारख्या शब्दापुढे त्या रेघेचं काय होतं ते सांगतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 मध्ये 20 खंडांत निघाली. तीत या क्रियापदाची नोंद सगळ्यांत लांब होती: 430 हून अधिक अर्थच्छटा आणि सुमारे 60,000 शब्द. आजचं हे व्याख्यान छापून जेवढं भरेल त्याच्या तीसपट. माझं मत मात्र असं आहे की या शब्दाला स्वतःचे अर्थ फार तर दोन आहेत, बाकी सगळे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आलेले आहेत. तेवढंच पटवून देण्याचा प्रयत्न करतो.

‘सेट’सारख्या शब्दांनी कोशकारांचा छळ पूर्वीपासून केला आहे. सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश 1755 चा. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी एका विशिष्ट जातीच्या क्रियापदांबद्दल जवळजवळ गाऱ्हाणंच मांडलं आहे. ही क्रियापदं पावलोपावली भेटतात, त्यांचा अर्थ इतका सैल की मूळ कल्पनेपासून ती कुठल्या कुठे भरकटलेली असतात. गेट, गिव्ह, पुट, गो, रन, मेक, टेक अशी नावंच त्यांनी तिथे दिली आहेत, आणि त्यांत ‘सेट’ही आहे. एकट्या ‘टेक’चे त्यांनी 134 अर्थ नोंदवले. कठीण शब्दांनी त्यांना दमवलं नाही, दमवलं ते या पोरासोरांच्या तोंडच्या शब्दांनी.

पुढे 1857 मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत रिचर्ड ट्रेंच यांनी तोवरच्या इंग्रजी कोशांतल्या उणिवांवर दोन व्याख्यानं दिली आणि ऑक्सफर्ड कोशाची बीजं तिथे पडली. योगायोग असा की मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली तीही त्याच वर्षी. ऑक्सफर्डचं काम 1879 मध्ये जेम्स मरे यांच्या हाती आलं. घराच्या आवारात लोखंडी पत्र्याची खोली, भिंतींना हजारभर खण, आणि जगभरच्या हौशी वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या. पुस्तक वाचायचं, लक्षवेधी शब्द दिसला की तो वाक्यासकट चिठ्ठीवर उतरवायचा आणि पाठवायचा. पण मरे यांच्या लवकरच लक्षात आलं की वाचकांना लक्षवेधी वाटतं ते विचित्र. ‘अब्यूजन’ या आज कोणाला माहीतही नसलेल्या शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या आल्या होत्या, आणि रोजच्या वापरातल्या ‘अब्यूज’च्या पाचसुद्धा नव्हत्या. जो शब्द सतत डोळ्यांसमोर असतो तो कोणाला दिसत नाही. मग ती वाक्यं शोधायला संपादकांनाच पुस्तकं उपसत बसावं लागलं.

‘सेट’ ज्यांच्या वाट्याला आला ते हेन्री ब्रॅडली. हा माणूस मला फार आवडतो. शेफील्डमध्ये सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या एका पेढीत ते पत्रव्यवहार सांभाळणारे कारकून होते. विद्यापीठाची पदवी नाही, भाषा सगळ्या घरी शिकलेल्या. कोशाचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला तेव्हा त्यांनी ‘द अकॅडमी’ या नियतकालिकात त्याचं परीक्षण लिहिलं. ते इतकं जाणकारीचं होतं की मरे यांनी त्यांनाच कामावर ओढलं. लहानपणी घरच्या प्रार्थनेच्या वेळी वडिलांच्या मांडीवरचं बायबल समोरून बघत बघत ते वाचायला शिकले, त्यामुळे त्यांना आधी उलटं वाचता येऊ लागलं, असं सांगतात. ‘सेट’ची नोंद लिहायला याहून योग्य माणूस मिळाला नसता.

आता शब्दाकडे वळू. ‘सेट’ म्हणजे मुळात काय? ‘सिट’चं प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. बस्स. दोघांच्या मागे जो प्राचीन धातू आहे तोच संस्कृतात ‘सद्’ होऊन बसला आहे: सदन, संसद, परिषद, उपनिषद सगळे त्याचे. लॅटिनमधून आलेला ‘प्रेसिडेंट’ही त्याच घरचा, म्हणजे पुढे बसलेला. आमचे अध्यक्ष महोदय शब्दशः तसे बसलेच आहेत.

प्रयोजक करायची ही सोय आपल्या भाषेत अजून चालू आहे. बसणे-बसवणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे. लहान मूलही नवं क्रियापद मिळालं की त्याचं प्रयोजक रूप पाडून दाखवतं. इंग्रजीत हा कारखाना कधीच बंद पडला. त्याचे थोडे अवशेष उरले आहेत: लाय-ले, राइज-रेज, झाड पडतं तो ‘फॉल’ आणि झाड पाडतात तो ‘फेल’. ‘सिट-सेट’ ही त्यातलीच एक जोडी.

म्हणून इंग्रजीतले ‘सेट’चे जुने वापर मराठी माणसाला परके वाटूच नयेत. मोडलेलं हाड इंग्रज सेट करतो, आपण हाड बसवतो. अंगठीत खडा तो सेट करतो, आपण खडा बसवतो. खुडूक कोंबडी अंड्यांवर आपण बसवतो, इंग्रज शेतकरीही तिला सेटच करतो. कवितेला चाल आपण बसवतो, तिकडे ती संगीतात सेट होते. इथवर दोन भाषा हातात हात घालून चालतात. त्यानंतर मात्र मराठी माणूस एका कामाला एक क्रियापद अशी वाटणी करत जातो. सापळा लावतो, आग लावतो, गजराचं घड्याळ लावतो. ताटं मांडतो. किंमत ठरवतो, तारीख ठरवतो. परीक्षेचा पेपर काढतो. कैद्याला सोडतो. इंग्रज या सगळ्यांवर ‘सेट’ घालतो आणि बाकीचं सापळ्यावर, आगीवर, ताटावर, पेपरावर सोपवून देतो. कैद्याच्या वाक्यात सुटकेचा अर्थ ‘फ्री’ या शब्दात असतो, ‘सेट’मध्ये नव्हे. तिथे ‘सेट’ फक्त एवढंच सांगतो की कोणीतरी कोणाला तरी कुठल्यातरी स्थितीत नेऊन ठेवलं.

याचा अर्थ आपण फार काटेकोर आणि ते ढिसाळ, असा कृपया घेऊ नका. आपण हेच सगळं ‘लागणे’च्या बाबतीत करतो. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दार लागतं, सिनेमा लागतो, ऊन लागतं, वाटेत नदी लागते, आणि तो माझा मामा लागतो. एखाद्या परदेशी विद्यार्थ्याने विचारलं की ‘लागणे’चे अर्थ किती, तर आपण काय सांगणार?

‘सेट’ची गंमत पुढे सुरू होते. बसणं आणि बसवणं यांतलं कुंपण इंग्रजीत मोडलं आणि ‘सेट’ स्वतःच बसायला लागला. सूर्य सेट होतो. जुन्या इंग्रजीत सूर्यास्तासाठी ‘आसनाकडे जाणं’ अशा अर्थाचा शब्द होता, दिवसभर हिंडलेला सूर्य संध्याकाळी आपल्या जागी जाऊन बसायचा. दुसरीकडे, जे हलत होतं ते बसलं की स्थिर होतं, आणि जे पातळ होतं ते स्थिर झालं की घट्ट होतं. म्हणून जेली सेट होते, चुना सेट होतो, काँक्रीट सेट होतं. एका वाटेने अर्थ बुडण्यापर्यंत गेला आणि दुसऱ्या वाटेने गोठण्यापर्यंत. काँक्रीटवाल्यांनी तर या अर्थाला घड्याळ लावलं आहे. भारतीय मानकांप्रमाणे साधं पोर्टलंड सिमेंट 30 मिनिटांच्या आत सेट होऊ लागता कामा नये आणि 600 मिनिटांच्या आत पूर्ण सेट झालं पाहिजे. प्रयोगशाळेत व्हिकॅटची सुई त्यात टोचून ते ठरवतात. कवींच्या सूर्याला अशी सुई नाही.

आता माझा दुसरा अर्थ. चहाचा सेट, दागिन्यांचा सेट, बुद्धिबळाचा सेट, म्हणजे समूह, हा ‘बसवणे’तून आलेला दिसत नाही. तो बराचसा लॅटिन ‘सेक्टा’मधून जुन्या फ्रेंचमार्गे आला. एकाच्या मागे चालणारे लोक, पंथ, हा त्याचा मूळ अर्थ. उच्चार जुळले आणि दोन निरनिराळी कुटुंबं एका छपराखाली नांदू लागली. आज इंग्रजाला कोणती खोली कोणाची हे सांगता येणार नाही, आणि त्याला त्याची गरजही नाही. टेनिसचे गेम एकत्र बांधले की सेट, नाटकाचं नेपथ्य उभं केलं की तोही सेट. पहिल्यात समूह जास्त, दुसऱ्यात बसवणं जास्त, एवढंच.

गणितात हा शब्द उशिरा स्थिरावला हे पुष्कळांना ठाऊक नसतं. गेऑर्ग कँटर यांचा पायाभूत निबंध 1874 चा. ते जर्मनमध्ये लिहीत आणि त्यांचा शब्द होता ‘मेंगे’. फिलिप जुर्डेन यांनी 1915 मध्ये कँटर यांचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं, त्यात ‘सेट’ नाही, ‘अ‍ॅग्रिगेट’ आहे. बर्ट्रंड रसेल ‘क्लास’ म्हणत. शेवटी जिंकला तो सगळ्यांत आखूड शब्द. आपल्याकडे पाठ्यपुस्तकांनी त्याला ‘संच’ म्हटलं आणि छान केलं.

पण ‘संच’चं पुढे काय झालं बघा. रेडिओच्या सुरुवातीच्या काळात इंग्रज त्या यंत्राला ‘वायरलेस सेट’ म्हणायचा, कारण तो सुट्या भागांची जुळणी होता. भाषांतरकाराने सेट म्हणजे संच हे समीकरण डोक्यात ठेवलं आणि आपल्याकडे ‘रेडिओ संच’, ‘दूरध्वनी संच’, ‘दूरचित्रवाणी संच’ अवतरले. टेबलावर एकच डबा, आणि नाव संच! इंग्रजी शब्दाच्या अंगावरची सुरकुती आपण मराठी शब्दाच्या अंगावर काढून घेतली. मला हे चुकीचं वाटत नाही. शब्दांचे अर्थ असेही वाढतात. मात्र ‘मराठीत सरळ टीव्ही म्हणा’ असं ज्यांनी घरोघर ठरवलं, त्यांचा कान जास्त शाबूत होता.

शेजारी बदलला की हा शब्द किती उलटतो ते पाहायचं असेल तर न्यायालयात जा. घरगुती इंग्रजीत ‘सेट असाइड’ म्हणजे पुढच्या वापरासाठी बाजूला काढून ठेवणे, जसे आजारपणासाठी पैसे. आपल्या उच्च न्यायालयांच्या निकालपत्रांत ‘क्वॅश्ड अँड सेट असाइड’ ही ठरलेली जोडगोळी असते, आणि तिथे त्याचा अर्थ रद्दबातल. ज्याची शिक्षा ‘सेट असाइड’ झाली तो सुटला. शाळेच्या इंग्रजीवर विसंबून निकाल वाचणाऱ्या पक्षकाराला वाटावं, अरे, आपलं प्रकरण नुसतं बाजूला ठेवलं! ‘सेट ऑफ’ची तऱ्हा तीच. माणूस प्रवासाला सेट ऑफ होतो, फटाका सेट ऑफ करतात, हिरवी किनार पिवळ्या साडीचा रंग सेट ऑफ करते, आणि आयकरात तोटा नफ्यातून सेट ऑफ होतो. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 428 खाली कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा व्हायचे, त्यालाही ‘सेट ऑफ’च म्हणत. त्या एका शब्दावर माणसाचे महिने अवलंबून असायचे.

मग हा सगळ्यांत मोठा शब्द आता कुठे आहे? विक्रम गेला. ऑक्सफर्डने तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासायला घेतल्या, आणि सुरुवात ‘एम’ या अक्षरापासून केली. 2000 मध्ये ‘मेक’ सर्वांत लांब ठरला, 2007 मध्ये ‘पुट’, आणि 2011 मध्ये ‘रन’. ‘रन’ या एका क्रियापदासाठी पीटर गिलिव्हर या कोशकारांनी नऊ महिने खर्च केले आणि 645 अर्थ नोंदवले. वृत्तपत्रांनी त्याचा अर्थ युगपालट असा लावला: आगगाड्या, यंत्रं, संगणकाचे प्रोग्रॅम सगळं ‘रन’ होतं, म्हणून धावणाऱ्या युगाने बसवणाऱ्या युगाला मागे टाकलं, वगैरे. ऐकायला गोड आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण एम, पी, आर ही वर्णक्रमाची रांग बघा. विक्रम मोडणारे शब्द नेमके त्याच क्रमाने आले. ‘एस’ची पाळी तेव्हा यायचीच होती! नव्या मापाने मोजलेल्या ‘रन’ला जुन्या मापाच्या ‘सेट’शेजारी उभं करून शर्यत लावणं हे मला तरी हिशेबात बसत नाही.

आणि मोजायचं तरी कसं? हाड बसवणं आणि खडा बसवणं हे दोन अर्थ की एकाच अर्थाच्या दोन वस्तू? एखादा कोशकार फोडणारा असतो, एखादा जोडणारा. फोडणाऱ्याच्या हाती 430 निघतात, जोडणाऱ्याच्या हाती पंधरा-वीस. दोघेही प्रामाणिक असतात. एका शब्दाला अनेक अर्थ असण्याला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी 1897 मध्ये नाव दिलं, आणि 1945 मध्ये अमेरिकेत जॉर्ज झिफ यांनी दाखवलं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. सी. के. ऑग्डन यांनी 1930 मध्ये अवघ्या 850 शब्दांचं ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं होतं, क्रियापदं फक्त 18. त्यांत ‘पुट’ आहे, ‘सेट’ नाही. शब्द कमी केले की शिकणं सोपं होईल असा हिशेब होता. झालं असं की उरलेल्या शब्दांवर हाकलून लावलेल्या शब्दांचंही ओझं येऊन पडलं.

या कोड्याला खरी वाट सापडली ती संगणक हाताशी आल्यावर. बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांनी प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा प्रचंड साठा जमवला, त्यावरून 1987 मध्ये ‘कोबिल्ड’ कोश काढला. त्यात अर्थ तुकड्यात दिलेला नाही, पूर्ण वाक्यात दिला आहे. आमच्या सरांनी तो कोश पाहिला असता तर ते म्हणाले असते, हेच तर मी सांगत होतो. याच सिंक्लेअर यांनी ‘सेट इन’ या जोडशब्दाची सगळी वाक्यं एकाखाली एक लावून पाहिली. बसणे, ठाण मांडणे एवढाच त्याचा अर्थ तोवरच्या कोशांत सापडायचा. त्यांना दिसलं ते वेगळंच: जे काही ‘सेट इन’ होतं ते बहुतेक वेळा वाईट असतं. कुज, संसर्ग, ऱ्हास, हवा बिघडणं. हा अर्थ ‘सेट’मध्ये नाही, ‘इन’मध्येही नाही. तो फक्त संगतीत आहे, आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही तो वाक्यांची रांग पाहीपर्यंत जाणवला नव्हता. शब्दाचा अर्थ शेजारी ठरवतो असं मी सुरुवातीपासून म्हणतो आहे, त्याला यापेक्षा चांगला पुरावा माझ्यापाशी नाही.

त्यात एक अडचण आहे, आणि ती आपल्याकडची आहे. दरवर्षी 1 जूनच्या मागेपुढे भारतीय हवामान विभागाचं इंग्रजी पत्रक येतं: नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळवर ‘सेट इन’ झाला. हे वाक्य कोणाच्या लहरीवर निघत नाही. 10 मे नंतर ठरावीक 14 केंद्रांपैकी किमान 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडावा लागतो, वाऱ्यांच्या आणि ढगांच्या अटी निराळ्या. इंग्लंडात पाऊस ‘सेट इन’ झाला की सहलीचा बेत मोडतो. आपल्याकडे ते पत्रक आलं की बातमी पहिल्या पानावर जाते, शेअर बाजार मान वर करून बघतो, आणि विदर्भ-मराठवाड्यात मृगाची वाट पाहणारा शेतकरी बियाण्याच्या पिशव्या मोजायला घेतो. शब्द तेच दोन, क्रम तोच, व्याकरण तेच. सिंक्लेअर यांच्या रांगेत हे वाक्य कुजीच्या आणि संसर्गाच्या खाली उभं राहील.

भारतीय इंग्रजीतल्या या वापराला कोशात वेगळा क्रमांक द्यावा की जुन्याच क्रमांकाखाली एक नवं अवतरण घालावं, याबद्दल माझं मत फोडणाऱ्यांच्या बाजूचं आहे. अध्यक्षांनी मघाशीच घड्याळ दाखवलं आहे, तेव्हा जोडणाऱ्यांची बाजू कोणाला मांडायची असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर मांडावी.